सोजरबाईंच्या बाजूची सहा पातेली

शनिवार पेठेतल्या त्या मठात दर गुरुवारी तीनशे-साडेतीनशे माणसं प्रसादाला बसतात. स्वयंपाक मागच्या अंगणात, लाकडाच्या चुलींवर, पितळी पातेल्यांत. पातेली बारा. लहानात पंचवीस लिटर मावतं, मोठ्यात साठ. चुलीवर चढवण्याआधी बुडाला मातीचा लेप देतात, तरी काजळी धरतेच. पंगती उठल्या की पातेली नळाशी येतात. एक पातेलं नीट घासायला वीस मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटं लावणारा हळू आणि दहा मिनिटांत उठणारा कामचोर. हे माप सोनबाचं.

सोनबा अकरा वर्षं तिथं भांडी घासत होता. त्याआधी चौतीस वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर उभा होता. कापडाचं चाक गरगर फिरायचं आणि त्याच्यावर पितळी नळाच्या तोट्या धरायच्या. दिवसाला चारशे. संध्याकाळी नाकातून काळा शेंबूड यायचा, आणि ते धुऊन घरी जायला अर्धा तास लागायचा. तोट्या लोकांच्या न्हाणीघरात चमकायच्या. कोणी घासल्या ते कोणी विचारत नसे. पण सोनबाला आकडा ठाऊक होता. शेवटच्या अकरा वर्षांत त्याच्या हातची एकही तोटी तपासणीतून परत आली नव्हती.

निवृत्त झाला त्याच वर्षी बायको गेली. मुलगा विक्रम बाणेरला राहतो, रविवारी फोन करतो. सोनबा पेठेतल्या एका खोलीत एकटा. रिकामं बसणं त्याला जमेना, म्हणून मठात गेला. तेव्हा म्हातारे महाराज हयात होते. त्यांनी विचारलं, "काय येतं?"

"घासता येतं."

"मग मागं जा. तिथं कोणी येत नाही. नाव घेत घासा. कोण बघतंय याची चौकशी करू नका."

सोनबा मागं गेला. घासलंही मनापासून. नाव मात्र त्याच्या तोंडात टिकेना. त्याऐवजी आकडा यायचा. एका अंगाला चाळीस फेरे, मग पातेलं फिरवायचं, पुन्हा चाळीस. कारखान्यातली सवय. आणि मागं कोणी येत नाही म्हणाले होते, पण अंगणाच्या कडेनं चपला ठेवायला जायचा बोळ होता. सोनबा धुतलेली पातेली मांडणीवर अशी पालथी घालायचा की त्यांची पोटं बोळाकडं यावीत. चारच्या सुमाराला ऊन तिरपं यायचं आणि सगळी मांडणी पेटल्यासारखी दिसायची. लोक चपला घालता घालता थांबायचे. कोणीतरी फोटो काढला, मठाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. पन्नास-साठ नमस्काराचे हात आले. सोनबाच्या फोनवर ते दिसत नव्हतं. त्यानं शंभू आचाऱ्याच्या फोनवर बघितलं. दोनदा बघितलं.

महाराज पुढं दोन वर्षांनी गेले. आपण त्यांच्या शब्दाबाहेर गेलो असं सोनबाला कधी वाटलं नाही. तो काम करत होता. काम चोख होतं.

सोजरबाई चार वर्षांपूर्वी आल्या. वारज्याच्या. पूर्वी वारजं गाव होतं तेव्हा त्यांची तिथं शेती होती; आता त्याच जागेवर इमारत आहे आणि तिच्या आठव्या मजल्यावर त्या मुलाकडं राहतात. मुलगा पृथ्वीराज टाइल्सचं दुकान चालवतो. घरी भांडी घासायला बाई, स्वयंपाकाला बाई, म्हातारीला कशालाच हात लावू देत नाहीत. म्हणून गुरुवारी मनपाची बस धरून इकडं यायच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं. हाडं बारीक, बोटं जाड. बारा पातेल्यांतली सहा त्यांनी आपल्याकडं ओढली. मांडणीची डावी बाजू त्यांची, उजवी सोनबाची. हे सगळ्यांना ठाऊक झालं.

त्यांची पद्धत साधी. चुलीतली राख, नारळाचा काथ्या आणि पाणी. तोंडानं महाराजांचं नाव, अगदी हळू, उकळी येण्याआधी पाणी करतं तसा आवाज. एका पातेल्याला त्यांना अर्धा तास लागायचा.

तीन वर्षं ठीक गेली. मग सोनबाला त्यांच्या पातेल्यांवर डाग दिसायला लागले. काठाखाली एखादा पट्टा, कानाच्या मागं काळं. सोजरबाईंना काचबिंदू झाला होता. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण नळाकडं जाताना त्या हात पुढं करून जायच्या, ते दिसत होतं.

सोनबा बोलला नाही. त्या साडेचारला निघायच्या. त्या बोळातून दिसेनाशा झाल्या की सोनबा डाव्या बाजूचं पहिलं पातेलं उतरवायचा. बाहेरून घासायचा, मग आतूनही. आतली कल्हई मंद असते, पांढरट, ती त्याच्या डोळ्याला मळ वाटायची. चिंच लावायचा, वर बारीक रेती, आणि अंगातला सगळा जोर. सहा पातेली, दोन तास. घरी जायला अंधार पडायचा. याला तो सेवा म्हणायचा. मनात म्हणायचा तोवर ठीक होतं, पण एकदा शंभूजवळ बोलून गेला, "करतात बिचाऱ्या. पण मागनं बघावं लागतं." ते वाक्य शंभूकडून पुढं गेलं.

मागच्या मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी रांग रस्त्यापर्यंत होती. दुसऱ्या पंगतीला वाढायला शंभूनं आमटी काढली, वास घेतला, चाखली आणि थुंकला.

"कळकली," तो म्हणाला.

पातेल्याच्या आतली कल्हई उडाली आणि पितळेत आंबट शिजलं की अन्न कळकतं. खाल्लं की पोट ढवळतं. पहिल्या पंगतीतली सात-आठ माणसं आधीच ओट्यावर डोकं धरून बसली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. साठ लिटर आमटी मोरीत ओतली. उरलेल्या लोकांनी भाताबरोबर कोरडी भाजी खाल्ली.

व्यवस्थापक हिंदुराव नळापाशी आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज कधी चढवत नसत.

"हे पातेलं कुठल्या बाजूचं?"

"डावीकडचं," शंभू म्हणाला. मग त्यानं बाकीची डावीकडची पाचही उलटी करून दाखवली. सगळ्यांचं पोट आतून पिवळं झालेलं.

"आजी, काय लावता आपण? पॉलिश पेपर?"

"राख लावती. चुलीतलीच."

"राखेनं कल्हई गेली असती तर निम्म्या पुण्याची गेली असती. सोनबा, तुम्ही शेजारी बसता. तुम्ही सांगा."

त्या वेळी कल्हई कशानं गेली हे सोनबाला खरोखर ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र ठाऊक होती. डावीकडच्या पातेल्यांना शेवटचा हात आपला लागतो. एवढंच सांगायचं होतं. नळाभोवती वीस माणसं उभी होती आणि सगळी त्याच्याकडं बघत होती.

"त्यांच्या बाजूची आहेत," तो म्हणाला. "मी काय सांगणार."

सोजरबाईंनी तोंड त्याच्याकडं वळवलं. नजर त्याच्या चेहऱ्यावर पडली नाही, खांद्याशेजारी कुठंतरी गेली. मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

"बरं," म्हणाल्या, आणि बोळानं निघून गेल्या. पाट आणि काथ्या तिथंच राहिले.

शनिवारी कल्हईवाले चाचा आले. अंगणात खड्डा करून त्यांनी कोळसा पेटवला. सोनबा भाता मारायला बसला. चाचांनी पहिलं पातेलं हातात घेतलं, उन्हाकडं केलं, आणि आतून बोट फिरवलं.

"कोण घासतं?"

"एक आजी होत्या. काढलं त्यांना," सोनबा म्हणाला.

"आजी?" चाचा हसले. "हे बघा. हे ओरखडे. एका दिशेचे, एका मापाचे. आंबट लावलंय, रेती लावलीय, आणि वर पुरुषाचा जोर. राखेनं कल्हई वर्षभर जात नाही. ही श्रावणात मीच केलेली, चार महिन्यांत खाल्ली कोणीतरी."

सोनबानं वाकून बघितलं. ओरखडे गोल होते, डावीकडून उजवीकडं, सारख्या अंतरावर. मोजायची गरज नव्हती. चाळीस असणार.

त्याची स्वतःची सहा पातेली शाबूत होती. ती तो एकदाच घासायचा, आणि आतून सावकाश. दुसऱ्याचं काम पुसून काढताना हात वेगळा चालतो. कारखान्यात मुलामा दिलेल्या तोट्यांना नुसतं मऊ कापड लावायचं, हे त्यानंच कित्येकांना शिकवलं होतं. मुलामा खाल्ला म्हणून एकाला सगळ्यांसमोर झापलंही होतं. म्हणजे चूक अजाणतेपणाची होती असंही म्हणता येत नव्हतं.

चाचांनी नवसागर टाकला, पांढरा धूर झाला, कथलाची कांडी तापल्या पितळेवर फिरली. सोनबा भाता मारत राहिला. "जरा हळू," चाचा म्हणाले, "जाळाल."

त्या दिवशी तो बोलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. बाराही पातेली एकट्यानं घासली, रात्री बोटं उघडेनात. सोजरबाईंचा काथ्या कोपऱ्यात वाळून पडला होता. तो दर वेळी डोळ्यापुढं नको म्हणून त्यानं कचऱ्यात टाकला. पाट पालथा करून ठेवला. असे पाच गुरुवार गेले. लोक म्हणायला लागले की सोनबा एकटे बारा घासतात, या वयात. तो मान हलवायचा. नाही म्हणायला तोंड उघडायचं आणि ते आपोआप मिटायचं.

माघात महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो. आठ दिवस आधी हिंदुरावांनी त्याला आत बोलावलं आणि पत्रिका पुढं केली. खाली एक ओळ होती. अकरा वर्षांच्या निरपेक्ष सेवेबद्दल श्री. सोनबा यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

सोनबानं ती दोनदा वाचली. मग उभ्यानंच सगळं सांगितलं. चिंच, रेती, साडेचारनंतरचे दोन तास, चाचांचं बोलणं. वाक्यं घरी जुळवून ठेवली होती, ती ऐन वेळी पुढंमागं झाली.

हिंदुरावांनी चष्मा काढून पुसला. "झालं सांगून?"

"सगळ्यांसमोर सांगतो. गुरुवारी आरतीनंतर."

"कशाला? ज्यांची पोटं बिघडली ती बरी झाली. कल्हई झाली. आजींचं म्हणाल तर त्यांना दिसत नव्हतंच, आज ना उद्या थांबवायला लागलंच असतं. आता तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तीनशे लोकांचा प्रसाद थांबवू?"

"मग सत्कार नको."

"पत्रिका छापून झाल्यात, सोनबा."

"मी येणार नाही."

"नका येऊ. नाव पुकारू, आपण नसाल. लोक काय म्हणतील सांगू? बघा, सत्काराचीही हाव नाही माणसाला."

हे सोनबाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आजींना परत आणायचंय," शेवटी तो म्हणाला.

हिंदुरावांनी पत्रिका मिटून बाजूला ठेवली. "आणा. पण भांड्याला काळं राहिलं तर मी त्यांना विचारणार नाही. म्हातारीला पुन्हा बोलायची मला हौस नाही. तुम्हाला विचारेन."

"मलाच विचारा."

उत्सवाच्या दिवशी सोनबा मागं नळावर होता. आत नाव पुकारलं. थोडा वेळ शांतता, मग कोणीतरी माइकवर काही बोललं आणि टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. पातेल्यावर त्याचा हात तसाच थांबला होता. दुसऱ्या दिवशी शाल खोलीवर पोहोचती झाली.

त्या आठवड्यात तो वारज्याला गेला. इमारत सापडली, लिफ्टचं बटण सापडायला वेळ लागला. सुनेनं दार उघडलं. उत्कर्षा तिचं नाव. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला.

"काका, आईंना आम्ही आता एकटं बाहेर सोडतच नाही. डॉक्टरांनी स्ट्रिक्टली सांगितलंय. डाव्या डोळ्याचं तर ऑलमोस्ट गेलंय."

सोजरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर, पालथे. नखं स्वच्छ, त्यांत राख नाही. सोनबाला ते हात ओळखू येईनात.

"कोन हाय?"

"सोनबा. मठातला."

"हां. बसा की."

तो बसला. इथं वाक्यं जुळवून आणली नव्हती. "आक्का, तुमची पातेली मी मागनं घासत होतो. कल्हई माझ्या हातानं गेली."

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगंल? गुरवारी पातेलं हातात घेतलं की चिंचंचा वास यायचा. म्या चिंच कदी लावली न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला दिसत न्हवतं, भांडं काळं ऱ्हायचं, तुमी ते घासायचा. खरंच व्हतं ते." त्या थांबल्या. बोटांनी लुगड्याचा काठ चाचपला. "त्या दिशी मातुर तुमी बोलाया पायजे व्हतं."

"हो."

"माणसं उभी व्हती म्हनून न्हाई बोलला."

"हो."

उत्कर्षानं चहा आणून ठेवला. दोघांनी तो घेतला. त्यांनी माफ केलं का, हे सोनबाला कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. मग त्यानं परत यायचं विचारलं. मी न्यायला येईन, पोहोचवायला येईन. उत्कर्षा म्हणाली की पडल्या तर कोण बघणार. सोजरबाई म्हणाल्या, "हितं बसून पन पडतीच हाय मी." शेवटी पोहोचल्यावर फोन करायचा, या अटीवर उत्कर्षानं मान डोलावली.

"माजा काथ्या हाय का तितं?" सोजरबाईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "टाकला मी."

"नवा घिऊन ठिवा. आनि एक आयका. यीन मी. पन माज्या भांड्याला मागनं हात लावायचा न्हाई. काळं ऱ्हाऊ द्या, न्हाईतर हिरवं. मला वासावरनं कळतं."

"नाही लावणार."

सोनबानं मंडईजवळच्या दुकानातून काथ्या घेतला. नवा काथ्या टोचतो, म्हणून दोन दिवस भिजत घातला आणि दगडावर ठेचला. मऊ होईपर्यंत ठेचला.

मग दर गुरुवारी सकाळी तो मनपाच्या स्टँडवर जाऊन वारज्याची बस धरायचा. आठव्या मजल्यावरून त्यांना उतरवायचा, बसमध्ये खिडकीशी बसवायचा, मनपाला उतरून नव्या पुलावरनं पेठेत आणायचा. पूल ओलांडायला वीस मिनिटं. त्यांनी त्याचा दंड धरलेला असे आणि फूटपाथवर आडव्या लावलेल्या गाड्या तो त्यांना सांगत जाई. पोहोचलं की उत्कर्षाला फोन. संध्याकाळी उलटा प्रवास. एकूण साडेतीन तास जाण्यायेण्यात. त्याच्या गुडघ्याला ते मानवत नव्हतं.

सोजरबाई आता बोटांनी घासायच्या. नख आतल्या जोडाच्या शिवणीवरून फिरवायच्या, चिकटलेलं शीत सापडलं की तिथं थांबायच्या. आतून पातेलं निर्मळ व्हायचं, कोणत्याही डोळसाला जमणार नाही इतकं. पण काजळी बोटांना लागत नाही. बाहेरून काळे पट्टे राहायचे. तीन बोटं रुंद, कधी हातभर लांब.

पहिल्या गुरुवारी त्यांना सोडून सोनबा मठात परत आला. फाटकाला कुलूप लागायचं होतं. मांडणीवर डावीकडं सहा पातेली होती, पट्ट्यांसकट. त्यानं एक उतरवलं. हाताला वजन ओळखीचं होतं. नुसती राख लावली असती तरी पाच मिनिटांचं काम. वास आला नसता. बराच वेळ तो पातेलं धरून उभा राहिला. मग ते परत ठेवलं आणि घरी गेला. झोप चांगली लागली असं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यानं मांडणीच्या बाजू मोडल्या. त्यांची पातेली आणि आपली पातेली सरमिसळ ठेवली. सोजरबाईंना ते दिसलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

शंभूनं एक उचललं. "सोनबा, हे काय? कोणी घासलंय?"

"मी."

"तुम्ही?"

"राहिलं असेल. आतून बघ."

"आतून झकास आहे. पण बाहेरून..." शंभूनं दुसरं उचललं, तिसरं उचललं. "डोळे तपासून घ्या एकदा."

तिसऱ्या गुरुवारी हिंदुराव आले. सरमिसळ लागलेल्या बारा पातेल्यांकडं बघितलं, कोणतं कोणाचं ते त्यांना कळेना; सोजरबाईंकडं बघितलं नाही. ठरल्याप्रमाणे सोनबालाच विचारलं. "काय हो, ही आपलीच ना?"

"माझीच."

"शाल पाठवली होती. तिनं पुसा हवी तर."

दोन-तीन माणसं हसली. सोजरबाईंचा हात क्षणभर थांबला. पुन्हा घासायला लागल्या, पुन्हा ते उकळीआधीच्या पाण्यासारखं नाव.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. बोळातून जाणारे लोक आता थांबत नव्हते. कोणी थांबलंच तर दुसऱ्याला म्हणायचं, वय झालं बिचाऱ्यांचं, पूर्वी काय घासायचे. सोनबाला ते ऐकू यायचं. कारखान्यातल्या शेवटच्या अकरा वर्षांत त्याची एक तोटी परत आली नव्हती, आणि इथं दर आठवड्याला सहा पातेली त्याच्या नावावर काळी जात होती. ते बोलणं ऐकलं की खरं काय ते जिभेवर यायचं. शेजारी म्हातारी बोटांनी शिवण शोधत असायची. तो जिभेवर आलेलं गिळायचा. दर वेळी गिळायला तेवढेच कष्ट पडायचे. सवयीनं कमी होतील असं त्याला वाटलं होतं, तसं झालं नाही.

एक मात्र झालं. चैत्रात कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आकडा तुटतो आहे. चाळीसपर्यंत जायच्या आत शेजारचा आवाज कानात शिरायचा आणि आपण कितीवर होतो ते विसरायला व्हायचं. मग पहिल्यापासून मोजायचा. मग मोजणं सोडलं. नाव घ्यायला लागला असं नाही; ते त्याला अजूनही अवघड जात होतं. नुसता घासायचा.

वैशाखात सोजरबाई न्हाणीघरात पडल्या. घरातच. खुबा मोडला. दवाखान्यात अकरा दिवस काढले. सोनबा दोनदा भेटायला गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला ओळखलं नाही, पण त्याचा हात हातात आल्यावर त्या अंगठ्यानं त्याच्या बोटाची कड घासत राहिल्या, गोल, हळू. परिचारिका आली तेव्हा त्यानं हात सोडवून घेतला. पृथ्वीराजचा फोन आला तो मंगळवारी. वारज्याच्या स्मशानात सोनबा माणसांच्या मागं उभा राहिला. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं.

गुरुवारी तो वारज्याची बस न धरता थेट मठात आला. वेळ शिल्लक राहिला, त्याचं काय करावं ते कळेना. पंगती उठल्या. मोठं साठ लिटरचं पातेलं सोजरबाई पडल्यापासून चुलीवर चढलं नव्हतं, म्हणून अकराच आली. त्यानं ती घासली. राख आणि काथ्या, आत हलका हात. काळं मुद्दाम ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही. हात जिथं जाईल तिथलं निघत गेलं. मांडणीवर पालथी घातली. चारचं ऊन आलं.

हिंदुराव बोळातून जाता जाता थांबले. आत आले.

"वा, सोनबा. हात परत आला की तुमचा."

सोनबानं नळ बंद केला. सांगायला आता कोणाची हरकत नव्हती, कोणाची जागाही जाणार नव्हती. काळी राहणारी सहा कोणाची होती ते एका वाक्यात सांगता आलं असतं. हिंदुरावांना वाईट वाटलं असतं. त्यांनी पुढच्या गुरुवारी चार लोकांत ते सांगितलंही असतं, आणि लोक म्हणाले असते, बघा, कसा माणूस आहे.

"हो," तो म्हणाला.

हिंदुराव मांडणीच्या टोकाशी गेले. तिथं साठ लिटरचं पातेलं होतं, मागच्या महिन्यात सोजरबाईंनी घासलेलं. पोटावर तीन बोटांचा काळा पट्टा.

"हे एक राहिलंय बघा."

"राहिलं माझ्याकडनं."

"मग घासून टाका. अकरा झाली, बारावं कशाला ठेवता?"

"वापरात आलं की घासायचंच आहे."

हिंदुरावांनी खांदे उडवले आणि गेले. सोनबानं दोन्ही पाट धुतले. एक भिंतीला उभा केला. दुसरा त्याच्या शेजारी, ओला, पाणी निथळायला तिरका करून ठेवला. काथ्या पिळून मांडणीच्या डाव्या खिळ्याला अडकवला, आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठला.